लिंबोणीवरचे हमिंगबर्डचे घरटे आणि तुमचा कॅमेरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या घरामागच्या बागेत, लिंबोणीच्या झाडावर साधारण सात फुटांवर हमिंगबर्डच्या मादीने घरटे केले आहे आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून २८ जानेवारीला तुम्हाला त्यात दुसरे अंडे दिसले. तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. पुण्याच्या बाल्कनीत शिंजीराचे (सनबर्डचे) घरटे तुम्ही दोन फुटांवरून टिपले होते, तेव्हा इथेही तितकेच जवळ जावे का, मध्ये येणारी डहाळी छाटावी का, सावलीत फ्लॅश वापरावा का आणि ५०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणावी का, हे तुम्ही विचारले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, म्हणजे बे एरियातल्या, बागांमध्ये मी याच पक्ष्याची घरटी गेली पंधरा वर्षे पाहत आणि टिपत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

डहाळीचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सवडीने ठरवता येईल. ती छाटू नका, वाकवू नका, दोरीने बांधूनही ठेवू नका. मादीने ती जागा त्या डहाळीसकट निवडलेली असते. पाने बाजूला झाली की दुपारचे ऊन पिसे न फुटलेल्या पिल्लांवर थेट पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे इथे घरोघरी वावरणाऱ्या, अंडी-पिल्ले पळवणाऱ्या निळ्या ‘स्क्रब जे’ पक्ष्याला घरटे दिसू लागते. माझ्या हातून हे एकदा घडले आहे. कॅमेलियाच्या झाडावरच्या घरट्यासमोर दोनच पाने येत होती, म्हणून मी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ती बाजूच्या फांदीला अडकवली. तासाभरात मनासारखे फोटो मिळाले आणि चिमटा काढायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे एका बाजूला कलंडले होते, काठाची मऊ लव ओढून बाहेर काढलेली होती, आणि त्याच फांदीवर, चिमट्यापासून वीतभर अंतरावर, एक ‘जे’ पक्षी बसला होता. मादी त्यानंतर पाऊण तास येत राहिली. रिकाम्या घरट्यासमोर हवेत थांबायची, मागे सरायची, पुन्हा यायची. तो पक्षी तसाही आला असता, असे मला नंतर काही जणांनी समजावले. असेलही, पण वाट मी मोकळी करून दिली होती. ते फोटो मी आजवर कोणाला दाखवलेले नाहीत.

आता शिंजीराविषयी. फुलांतला मध पिण्याची सवय, चकाकणारे रंग आणि कोळ्याच्या जाळ्याने घरटे विणण्याचे कसब यांमुळे हे दोन पक्षी इतके सारखे वाटतात की महाराष्ट्रात पुष्कळ जण शिंजीरालाच हमिंगबर्ड म्हणतात. प्रत्यक्षात हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात आणि शिंजीराशी त्यांचे जवळचे नाते नाही. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने दोन फरक फार महत्त्वाचे आहेत. शिंजीराचे घरटे ही लोंबती पिशवी असते, तिला बाजूने दार असते आणि दारावर छोटीशी पडवी असते, त्यामुळे आतली पिल्ले उन्हाच्या, कावळ्याच्या आणि तुमच्याही नजरेआड राहतात. हमिंगबर्डचे घरटे ही वरून उघडी वाटी आहे. दुसरा फरक असा की शिंजीराच्या पिल्लांना नर आणि मादी दोघेही भरवतात, तर हमिंगबर्डचा नर मीलनानंतर घरट्याकडे फिरकतही नाही. घरटे बांधणे, सुमारे १६ दिवस अंडी उबवणे, त्यानंतर जवळपास तीन आठवडे दोन पिल्लांना भरवणे, हे सगळे एकटी मादी करते, आणि तिचे वजन साधारण ४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या अमेरिकी निकेलपेक्षाही कमी असते. तिचा जो वेळ तुमच्याकडे पाहण्यात जाईल, तो भरून काढणारे दुसरे कोणी नाही. पुण्यात तुम्ही दोन फुटांवर उभे असताना मादी बिचकली असती, तरी नर अळी घेऊन आला असता. इथे तसे नाही. म्हणून किती फुटांवर उभे राहावे यापेक्षा तिचा किती वेळ खर्च होतो, या हिशेबाने मी चालतो आणि तुम्हीही तसेच चालावे, असे मला मनापासून वाटते. ओघाने हेही सांगतो, की घरट्यावर नर-मादीच्या जोडीचा फोटो मिळेल या आशेने थांबू नका, तो मिळत नाही.

दुसरे अंडे जानेवारीत दिसले, त्या अर्थी हा पक्षी जवळजवळ नक्कीच ॲनाज हमिंगबर्ड आहे. ही जात इथे बारा महिने राहते आणि इथला हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला की, म्हणजे अगदी डिसेंबरपासूनच, घरटी करू लागते. निलगिरीसारखी बाहेरून आणलेली फुलझाडे आणि लोकांनी टांगलेले साखरपाण्याचे फीडर यांच्या आधाराने गेल्या शतकात ती पार ब्रिटिश कोलंबियापर्यंत पसरली. तिचे घरटे जेमतेम इंचभर उंच आणि दीड इंच रुंद असते. बियांवरची लव आणि कोळ्याचे जाळे ही मुख्य सामग्री, आणि बाहेरून दगडफुलासारख्या शेवाळी पापुद्र्यांचे तुकडे चिकटवलेले. अंडी घातल्यावरही मादी काठ वाढवत राहते. चोचीवर आणि छातीवर जाळ्याचा धागा गुंडाळून आणते, वाटीत बसते, गोल फिरत छातीने भिंत दाबते आणि हनुवटी काठावरून अशी फिरवते, जशी आई लाडवाच्या कडा बोटाने गुळगुळीत करते. अंडी उबवण्याच्या काळात घेण्याजोगा फोटो असेल तर तो हा, आणि तो चार-पाच दिवसांतून एखाद्या वेळीच जमतो.

म्हणून पहिले दोन दिवस कॅमेरा बाजूला ठेवा आणि खिडकीत वही घेऊन बसा. मादी किती वाजता उडाली, किती मिनिटांनी परतली, कोणत्या बाजूने आली, घरट्यात शिरण्याआधी कोणत्या काटकीवर थांबली, एवढेच लिहा. तिच्या फेऱ्यांना ठराविक चाल असते. गार सकाळी ती थोडाच वेळ बाहेर राहते, दुपारी ऊब असली की जास्त. ही तिची नेहमीची मिनिटे तुम्हाला माहीत असतील, तरच पुढे तुमच्या असण्याने काही बिघडते आहे का ते कळेल. एरवी पाच मिनिटांत परतणारी मादी तुम्ही बागेत असताना बारा मिनिटे आली नाही, घरट्यासमोर हवेत तरंगून मागे फिरली, किंवा शेजारच्या काटकीवर बसून सारखी बारीक ‘चिप चिप’ करू लागली, तर तुम्ही कितीही लांब असलात तरी त्या दिवशी ते अंतर कमीच आहे. ताबडतोब, पण धावपळ न करता, मागे जा. उघड्या वाटीतली इवलीशी अंडी गार व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या खिडकीचा मोठा फायदा आहे, तो सोडू नका. घरटे सात फुटांवर म्हणजे खालून फक्त वाटीचा तळ आणि चोचीचे टोक दिसेल, आणि त्यासाठी शिडी लावायचा मोह होईल. वरच्या मजल्यावरून तुम्हाला वाटीच्या आत थोडे डोकावता येते आणि पक्ष्याला घर हे रोजचेच असते. खिडकी आणि घरटे यांच्यातले अंतर ५ मीटर धरून हिशेब करू. क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ५ मीटरवर साधारण ३७ सेंटिमीटर रुंदीची चौकट पकडते. चोचीपासून शेपटीपर्यंत पक्षी १० सेंटिमीटर म्हणजे चौकटीच्या पावभागाहून थोडा जास्त, आणि ६००० पिक्सेलांच्या रुंदीत त्याच्या वाट्याला सुमारे १६०० पिक्सेल येतात. भिंतीवर लावण्याजोगी प्रत काढायला ते पुरेसे आहेत. म्हणजे तुमची लेन्स चालते. अंतर कमी करण्याची निकड तुम्हाला वाटते, ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिल्यामुळे वाटते. मोठ्या स्क्रीनवर क्रॉप करून पाहा.

काचेतून काढायचे असेल तर खोलीतले दिवे बंद करा, गडद रंगाचे कपडे घाला आणि लेन्सचा हूड (पुढची नळकांडी झडप) काचेला टेकवून लेन्स काचेशी काटकोनात धरा. इथल्या खिडक्यांना दुहेरी काच असते, त्यामुळे तिरकस धरल्यास कडांना दुहेरी प्रतिमा येते. त्यापेक्षा खिडकीची जाळी उतरवून, पहाटे उजाडण्याआधी खिडकी उघडी ठेवून, चौकटीत काळे कापड लावून फक्त लेन्सपुरते भोक ठेवणे उत्तम. मादी दिवस सुरू करते तेव्हा ते कापड आधीपासूनच तिथे असले पाहिजे. ट्रायपॉडचे तीन पाय जमिनीवर जिथे टेकतात तिथे चिकटपट्टीच्या फुल्या मारा. रोज त्याच फुल्यांवर ट्रायपॉड ठेवून, त्याच फोकल लेंग्थवर, एक तरी फोटो काढा. कोळ्याचा धागा ताणला जातो, त्यामुळे पिल्ले वाढतात तशी वाटीही रुंदावते, आणि शेवटी शेवटी तिची थाळी होते. एकाच चौकटीतले असे पंचवीस-तीस फोटो ओळीने लावले की जे दिसते, ते पंखांचा कितीही कडक फोटो काढला तरी दिसत नाही. माझ्या भिंतीवर तीच मालिका आहे.

सेटिंगविषयी. बसलेल्या मादीसाठी वारा नसताना १/२५० सेकंदाचा शटर वेग पुरतो, पण फांदी हलत असेल तर १/५०० ठेवा. भरवताना मादीची चोच पिल्लाच्या घशात शिलाई यंत्राच्या सुईसारखी वरखाली होते, तेव्हा १/१००० हवे. येता-जाताना पंख गोठवायचे असतील तर १/३२०० किंवा त्याहून वेगवान, कारण हवेत थांबलेल्या या पक्ष्याचे पंख सेकंदाला ४० ते ५० वेळा हलतात. तरीही टोके थोडी पुसट येतील आणि ती मला तशीच आवडतात. एफ/५.६ ला (एफचा आकडा वाढला की लेन्सचे छिद्र लहान होते) ५ मीटरवर तुम्हाला साधारण ६ सेंटिमीटर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली, मिळेल, एफ/८ ला ९ सेंटिमीटरच्या आसपास. मादी आडवी बसली असेल तर एफ/५.६ चालेल, तुमच्याकडे तोंड करून बसली असेल तर डोळा आणि घरट्याचा काठ दोन्ही साधायला एफ/८ घ्या. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पर्यंत जाईल, जाऊ द्या. दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सावरता येत नाही. कॅमेऱ्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस इथे पुढच्या पानावर अडकतो, म्हणून एकच बिंदू निवडून घरट्याच्या काठावर फोकस घ्या आणि मग तो मॅन्युअलवर टाकून तिथेच पक्का करून ठेवा. मादी काठावर उतरून आत जात नाही, उडत थेट वाटीत बसते, त्यामुळे फोकस कुठे हवा ते आधीच ठरलेले असते. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापराल तर बसलेल्या पक्ष्यासाठी ठीक, परंतु बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे उडताना पंख केळीच्या पानासारखे वाकलेले येतात. लिंबोणीच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात सगळे हिरवट दिसते. फोटो रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये, काढा आणि नंतर घरट्याच्या पांढऱ्या लवेवरून रंग जुळवा.

फ्लॅश वापरू नका. फ्लॅश कमी शक्तीवर ठेवला की त्याची चमक सुमारे १/१०००० सेकंदाची असते आणि पंख स्वच्छ गोठतात, म्हणून फीडरजवळ चार-चार फ्लॅश लावून काम करणारे लोक आहेत. फीडरवरचा पक्षी बिचकला तर दुसऱ्या फुलावर जातो. घरट्यावरच्या मादीला दुसरे घरटे नसते. शिवाय हमिंगबर्डच्या पिसांतला हिरवा किंवा गुलाबी झळाळ हा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे तो कोनावर अवलंबून असतो. समोरून मारलेल्या फ्लॅशने पाठीवर एक कडक डाग उमटतो. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून तिरपे येते ती पंधरा-वीस मिनिटे गाठा. मादी मान वळवते तेव्हा गळ्यावरचे चार-दोन ठिपके निखाऱ्यासारखे पेटतात आणि लगेच काळे पडतात. त्या क्षणासाठी मी कित्येक सकाळी घालवल्या आहेत.

फीडर असेल तर तो घरट्याच्या झाडाजवळ आणू नका. फीडरवर हक्क सांगणारे नर येतात, भांडणे होतात, आणि मादीला स्वतःच्याच अंगणात चोरासारखे यावे लागते. तो घराच्या दुसऱ्या बाजूला राहू द्या, एक भाग साखर आणि चार भाग पाणी, रंग अजिबात नको. पिल्लांना केवळ साखरपाण्यावर वाढता येत नाही. मादी चिलटे, कोळी असे बारीक जीव पकडून, मधात मिसळून त्यांच्या घशात ओतते, म्हणून या दोन महिन्यांत बागेत कीटकनाशक फवारू नका. आठवड्याला येणाऱ्या माळ्याला आजच सांगा की लिंबोणीखाली लीफ ब्लोअर (पाला उडवायचे यंत्र) चालवायचा नाही आणि कात्री लावायची नाही. मी झाडाच्या बुंध्याला लाल फीत बांधतो, कारण सांगितलेले विसरले जाते. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्यानुसार अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे हलवणे, तोडणे हा गुन्हा आहे, आणि रिकामे घरटेही परवान्याशिवाय स्वतःकडे ठेवता येत नाही. पिल्ले उडाल्यावर ते कपाटात ठेवण्याचा विचार असेल तर तोही सोडून द्या. फोटो लोकांना पाठवण्याआधी फाईलमधली जागेची नोंद काढून टाका.

पिल्ले बाहेर आल्यावर मात्र तुमची खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या दिवसांत ती काळसर, डोळे मिटलेली, मोठ्या मधमाशीएवढी असतात आणि खिडकीतून जवळजवळ काहीच दिसत नाही. तेव्हा थांबा. दुसऱ्या आठवड्यात पिसांच्या काड्या फुटल्या की आई दिवसा बसेनाशी होते आणि पुढे रात्रीही बसत नाही. तेव्हा पुष्कळ जण घाबरून, आई सोडून गेली असे समजून, पिल्लांना हातात घेतात. ती गेलेली नसते. माझ्या बागेत ती वीस ते चाळीस मिनिटांनी एकदा येते, अर्ध्या मिनिटात भरवते आणि जाते. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ते होऊन जाते. पिल्ले गप्प आहेत म्हणजे सहसा ठीक आहेत. दहा-पंधरा मिनिटे न थांबता चिवचिवत असतील आणि आई खरोखरच येत नसेल, तर जवळच्या परवानाधारक वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा आणि ड्रॉपरने स्वतः काही पाजू नका. पंधराव्या दिवसानंतर पिल्ले काठाला पायांनी घट्ट धरून पंख फडफडवू लागतात. सगळ्यात देखणे फोटो याच दिवसांत मिळतात आणि सगळ्यात मोठा धोकाही याच दिवसांत असतो, कारण कोणी जवळ आले तर ती तयार नसतानाच उडी मारतात आणि खाली पडलेले पिल्लू मांजराच्या तोंडी जाते. त्या आठवड्यात झाडाखालून जाऊसुद्धा नका, मुलांनाही सांगा.

आता लेन्स भाड्याने आणायचे. दुसरे अंडे २८ जानेवारीचे धरले तर पिल्ले १३ फेब्रुवारीच्या आगेमागे बाहेर येतील आणि ५ मार्चच्या सुमारास उडतील. थंडी-पावसाने दोन्ही तारखा काही दिवस पुढे जाऊ शकतात. आत्ता ५०० ची लेन्स आणून तुम्ही दिवसभर बसलेल्या पाठीचे फोटो काढाल आणि पैसे वाया जातील. २५ फेब्रुवारी ते ३ मार्च हा आठवडा घ्या, तेव्हा दोन्ही पिल्लांच्या चोची काठाबाहेर आलेल्या असतात आणि भरवणे स्पष्ट दिसते. ५०० वर ५ मीटर अंतराला तुमच्या कॅमेऱ्यात चौकट २१ सेंटिमीटरची होईल, आई आणि दोन्ही पिल्ले त्यात नीट बसतील, पण डेप्थ ऑफ फील्ड निम्म्याहून कमी होईल, तेव्हा एफ/८ च्या खाली येऊ नका. लेन्स परत केल्यावरही ७०-३०० लावूनच ठेवा, कारण उडालेली पिल्ले आणखी आठवडा-दोन आठवडे आसपासच्या फांद्यांवर बसून आईची वाट पाहतात. तेव्हा पानांआडून फोटो काढायची गरज उरत नाही. मोकळ्या काटकीवर, आखूड चोचीचे, छाती फुगवून बसलेले पिल्लू सकाळच्या उन्हात तुम्हाला सहज मिळेल.